प्राणसंकटी धर्मनिर्णय : मोल कोणी द्यावे?

जीवमात्राला प्राण प्रिय आहे, हे सांगण्यास शास्त्राची आवश्यकता नाही. म्हणून प्राण राखावा की नाही, असा प्रश्न शास्त्रकार सहसा विचारीत नाहीत. प्राण राखण्यासाठी काय द्यावे आणि काय देऊ नये, एवढेच ते विचारतात. परंतु या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याकडे वाचणाऱ्याचे बहुधा दुर्लक्ष होते. जे द्यावयाचे, ते कोणाचे? स्वतःचे की दुसऱ्याचे? मृत्यू समोर उभा असताना मनुष्याने केलेली निवड धर्म्य की अधर्म्य, याचा निर्णय या एका प्रश्नावर पुष्कळसा अवलंबून आहे, असे प्राचीन ग्रंथांतील कथा एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे दिसून येते.

संकटकाळी धनापेक्षा पत्नीचे मोल अधिक आणि या दोहोंपेक्षा स्वतःच्या प्राणाचे मोल अधिक मानावे, अशा आशयाचे एक नीतिवचन प्रसिद्ध आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात ते राजधर्माच्या प्रकरणी येते. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला उपदेश करताना विदुरही तेच सांगतो. एवढ्या थोर स्थळी आलेले वचन म्हणून पुष्कळांनी ते डोळे मिटून स्वीकारले, तर ते अत्यंत स्वार्थी आहे म्हणून काहींनी रागाने टाकून दिले. वास्तविक हे वचन आणखी एका ठिकाणी आलेले आहे. ते तेथे कोणाच्या मुखात आहे, हे पाहिल्यावाचून त्याचा विचार पूर्ण होत नाही.

एकचक्रेतील घर

आदिपर्वात बकवधाची कथा आहे. लाक्षागृहातून सुटलेले पांडव मातेसह एकचक्रा नगरीत एका ब्राह्मणाच्या घरी राहिले होते. नगरीच्या परिसरात बक नावाचा राक्षस होता. त्याला गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक मनुष्य, असा कर प्रत्येक घराने पाळीपाळीने द्यावयाचा असे. एके दिवशी त्या घरातून रडण्याचा आवाज कुंतीच्या कानी पडला. पाळी त्या घरावर आली होती.

बकाचा वध भीमाने केला, हे सर्वांच्या स्मरणात असते. त्याआधी त्या घरात झालेले बोलणे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. ब्राह्मण म्हणतो की, हे गाव सोडून सुरक्षित स्थळी जावे असे आपण पूर्वीच सुचविले होते, पण माहेरच्या गावाच्या मायेने पत्नीने ते मानले नाही. आता कोणाला पाठवावे? सहधर्मचारिणीला पाठविता येत नाही. मुलगी अजून लहान आहे आणि ती योग्य वराच्या हाती देण्यासाठी विधात्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. मुलगा तर बोबडे बोलणारे बालक. स्वतः जावे, तर मागे या तिघांची दुर्दशा ठरलेली. शेवटी तो म्हणतो, सर्वांनी एकत्र मरावे हेच बरे.

यावर पत्नी बोलते, आणि वर सांगितलेले नीतिवचन येथे तिच्या मुखी येते. आपण गेल्यास मुलांचे पालन पती करू शकेल, पती गेल्यास आपल्याच्याने ते होणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. स्त्री अवध्य मानली जाते, तेव्हा कदाचित राक्षस आपल्याला सोडूनही देईल, असेही ती सुचविते. नंतर मुलगी बोलते. आपल्याला एक दिवस या घरातून द्यावयाचेच आहे, मग आजच देऊन सर्वांना तारून घ्यावे, असे तिचे म्हणणे. हे ऐकून तिघेही रडू लागतात. तेव्हा तो लहानगा गवताची एक काडी उचलतो आणि हिनेच राक्षसाला मारीन असे बोबड्या बोलांत सांगतो. त्या दुःखातही सर्वांना हसू येते, आणि याच क्षणी कुंती आत येते.

येथे सूक्ष्मपणे पाहावयाचे ते हे. पत्नी वेचून स्वतःला राखावे, हे वचन पत्नी उच्चारते. पती ते एकदाही उच्चारीत नाही. त्याला ते ठाऊक नसेल असे म्हणवत नाही, कारण तो विद्वान आहे. ज्याच्या लाभाचे ते वचन आहे, त्याच्या तोंडी ते शोभत नाही, हे व्यासांनी न सांगता दाखविले आहे. जिला मोल द्यावयाचे आहे तिने तेच शब्द बोलावेत, तर तो त्याग होतो. ज्याला लाभ घ्यावयाचा आहे त्याने ते बोलावेत, तर ती लूट होते. शब्दांत एका अक्षराचाही पालट न होता अर्थ उलटा होतो. मनु आणि विदुर यांच्या वचनाचा विचार करताना हा तिसरा संदर्भ सोडून दिला, म्हणूनच ते वचन एकतर अंधपणे पाळले गेले किंवा अंधपणे निंदिले गेले.

पुढील प्रसंग याहून बोलका आहे. कुंती म्हणते, आपल्याला पाच पुत्र आहेत, त्यांपैकी एक जाईल. ब्राह्मण ही सूचना तत्काळ नाकारतो. अतिथीच्या पुत्राचा घात करवून स्वतःचा प्राण राखणे त्याला मान्य नाही. दुसऱ्याने आपला वध केला तर त्याचे पाप आपल्याला लागत नाही, पण जाणूनबुजून अतिथीला मृत्युमुखी धाडले तर ते पाप आपलेच, असा त्याचा विचार आहे. पुत्र बलवान आहे, त्याने पूर्वी राक्षस मारलेले आहेत, तो मरणार नाही, अशी खात्री कुंतीने दिल्यानंतरच तो संमती देतो. म्हणजे त्याने दुसऱ्याचे साहाय्य स्वीकारले, दुसऱ्याचे मरण स्वीकारले नाही.

आणि खुद्द कुंती? तीदेखील स्वतःचा प्राण देत नाही, पुत्राचा देते. हा आक्षेप आधुनिक वाचकाच्या आधी युधिष्ठिराने घेतला आहे. भिक्षेहून परतल्यावर भीमाची मुद्रा पाहून तो एकांतात मातेला विचारतो आणि परक्याच्या पुत्रासाठी स्वतःच्या पुत्राला संकटात घातल्याबद्दल तिला बोल लावतो. कुंतीला उत्तर द्यावे लागते. या घरी आपण सुखाने राहिलो, त्याची फेड केली पाहिजे; भीमाचे सामर्थ्य आपण जाणतो; हे मोहाने वा अविचाराने केलेले नाही, असे ती सांगते. भीमही आनंदाने सिद्ध झालेला आहे. महाभारतात मातेचे औदार्यसुद्धा प्रश्न विचारल्यावाचून सुटत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उषस्ती आणि विश्वामित्र

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो. प्राण राखण्यासाठी दुसऱ्याचे काहीच घ्यावयाचे नाही असे म्हटले, तर दुष्काळात भिक्षा मागणेही अधर्म ठरेल. शिवाय जीव राहिला तरच पुढे धर्माचरण घडेल. तेव्हा आपत्काळी सर्व काही क्षम्य मानणे युक्त होय.

या पूर्वपक्षाचे समाधान छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातील उषस्ती चाक्रायणाच्या कथेत सापडते. कुरुदेशातील पीक नष्ट झाल्याने उषस्ती पत्नीसह एका गावी हलाखीत राहत होता. एक मनुष्य उकडलेले कुळीथासारखे हलके धान्य खात बसला होता. उषस्तीने त्याच्यापाशी याचना केली. त्याच्याजवळ समोरच्या उष्ट्या अन्नावाचून दुसरे काही नव्हते. तेच त्याने दिले आणि उषस्तीने ते घेतले. नंतर त्याने पाणी पुढे केले, तेव्हा ते उष्टे आहे म्हणून उषस्तीने नाकारले. मग हे धान्य उष्टे नव्हते काय, असे विचारता त्याने सांगितले की, ते खाल्ले नसते तर प्राण गेला असता; पाणी मात्र हवे तेथे मिळते.

या छोट्याशा कथेत आपद्धर्माची मर्यादा फार नेमकी आखलेली आहे. पहिली गोष्ट, उषस्तीने जे दिले ते स्वतःचे होते. शुचितेचा नियम त्याचा होता आणि तो मोडल्याची हानीही त्याचीच होती. दुसरी गोष्ट, समोरच्या मनुष्याने त्याचे अन्न आपण होऊन दिले. ते हिसकावले गेले नाही. तिसरी गोष्ट, संकटाने जेवढी सूट दिली तेवढीच त्याने घेतली. ज्या क्षणी संकट सरले, त्या क्षणी सूटही सरली. आणि उरलेले अन्न तो पत्नीसाठी घेऊन गेला.

याच्या शेजारी शांतिपर्वातील विश्वामित्राची कथा ठेवावी. बारा वर्षांच्या अवर्षणात क्षुधेने व्याकूळ झालेला तो महर्षी रात्री एका चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरावयास जातो. चांडाळ जागा होतो, आणि समोर कोण आहे हे कळल्यावर ऋषीने असले कर्म करू नये म्हणून त्याला परोपरीने समजावतो. विश्वामित्राचे उत्तर असे की, जगलो तर पुन्हा धर्म जोडता येईल. या संवादाचे वाचन बहुधा ऋषीच्या पावित्र्याच्या अंगाने होते. अभक्ष्य भक्षण घडले काय, तप भंगले काय, एवढेच पाहिले जाते. ज्याच्या घरातून ती तंगडी उचलली जात होती तोही त्याच अवर्षणात जगत होता, त्याची भूक किती, हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. चांडाळ स्वतःही आपल्या हानीविषयी बोलत नाही. तो ऋषीच्या कल्याणाविषयी बोलतो. उषस्तीने मागितले, विश्वामित्राने चोरले. भक्ष्याभक्ष्याच्या दृष्टीने दोन्ही कथा सारख्याच दिसतील. मोल कोणी दिले या दृष्टीने पाहता त्यांत मोठे अंतर पडते, आणि त्या रात्रीच्या संवादात अधिक धर्मनिष्ठ कोण होता याचाही फेरविचार करावा लागतो.

श्येनाची शंका

आपला प्राण राखण्याच्या प्रसंगी हा विचार सोपा आहे, असे कोणी म्हणेल. पण तिसऱ्याचा प्राण राखावयाचा असेल तर? वनपर्वात आलेली राजा, कपोत आणि श्येन यांची कथा लहान मुलांनाही ठाऊक असते. एके ठिकाणी ती उशीनर राजाची म्हणून येते, तर अन्यत्र त्याचा पुत्र शिबी याची म्हणून. कथेचा उपदेश शरणागताचे रक्षण असा सांगितला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. कथेचा गाभा श्येनाच्या शंकेत आहे.

श्येन म्हणतो, कपोत हे माझे अन्न आहे. ते हिरावले तर मी मरेन, आणि माझ्यामागे माझी पत्नी व पिले मरतील. एकाला वाचविताना राजा अनेकांना मारीत आहे. हा कसला धर्म? ही शंका खोटी नाही. राजाने केलेली दया राजाला फुकट पडली असती. तिचे मोल श्येनाच्या घरट्याने दिले असते. दुसऱ्याच्या ताटातून काढून केलेली दया ही दया कशी म्हणावी? राजा श्येनाला दुष्ट ठरवून हाकलू शकत होता, कारण सत्ता त्याची होती. त्याने तसे केले नाही. शंका न्याय्य आहे हे त्याने मानले, कपोताच्या वजनाइतके मांस स्वतःच्या देहातून कापून देऊ केले आणि पारडे झुकेना तेव्हा स्वतःच तुळेत बसला. कपोताला अभय दिल्यामुळे निर्माण झालेले ऋण त्याने तिसऱ्याच्या माथी न मारता स्वतःकडे घेतले, हे त्या राजाचे खरे थोरपण होय.

कौशिकाचे सत्य

येथवर प्राण राखण्याच्या प्रसंगांचा विचार झाला. याच न्यायाची दुसरी बाजू कर्णपर्वात स्वयं श्रीकृष्णचक्रवर्तींनी अर्जुनाला दाखविली आहे, आणि ती अधिक सावध करणारी आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात अर्जुनाला टोचून बोलतो आणि गांडीव दुसऱ्या कोणाला दे असे म्हणतो. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. तो ज्येष्ठ बंधूवर खड्ग उपसतो. प्रतिज्ञापालन म्हणजे सत्य, आणि सत्य म्हणजे धर्म, असा त्याचा हिशेब होता. त्या वेळी त्याला कौशिकाची कथा ऐकविली गेली.

कौशिक हा नद्यांच्या संगमापाशी राहणारा तपस्वी. सदा सत्यच बोलावयाचे, हे त्याचे व्रत होते. दस्यूंच्या भयाने पळालेले काही लोक त्याच्यासमोरून वनात शिरले. मागाहून आलेल्या दस्यूंनी ते लोक कोठे गेले, असे त्याला विचारले. त्याने खरे ते सांगितले. दस्यूंनी त्या लोकांना गाठून ठार मारले, आणि कौशिक घोर नरकास गेला.

कौशिकाने प्राणासाठी काही केले नाही. लोभाने किंवा भयानेही काही केले नाही. त्याने केवळ आपले व्रत राखले. परंतु ते व्रत राखण्याचे मोल त्याने दिले नाही. वनात लपलेल्यांनी ते आपल्या प्राणांनी दिले. ज्याप्रमाणे दुसऱ्याच्या प्राणावर आपला प्राण राखणे अधर्म, त्याप्रमाणे दुसऱ्याच्या प्राणावर आपली शुचिता राखणे हाही अधर्मच, असे या कथेचे तात्पर्य आहे. तो मौन धरू शकला असता. बोलल्यावाचून सुटका होत असेल तर बोलूच नये, असेही तेथे सांगितलेले आहे. मौनामुळे दस्यूंचा राग त्याच्यावर गेला असता, कदाचित त्याला मारही खावा लागला असता. तेवढे मोल देण्याची त्याची तयारी असती, तर व्रतही राहिले असते आणि जीवही राहिले असते.

धर्मशील मनुष्याने ही कथा विशेष मनावर घ्यावी. चोरटा आणि लोभी मनुष्य दुसऱ्याच्या जिवावर जगतो हे जगाला दिसते. नियमनिष्ठ मनुष्यही कधी दुसऱ्याच्या जिवावर नियम पाळीत असतो, हे दिसत नाही. ते त्याचे त्यालाही दिसत नाही.

ॲडमीटसचा वर आणि रुरूचे दान

हा विचार केवळ भारतीय ग्रंथांपुरता नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीस याचे ‘अल्सेस्टिस’ हे नाटक इ. स. पू. 438 मध्ये अथेन्स येथे रंगभूमीवर आले. त्याचे कथानक याच प्रश्नाभोवती रचलेले आहे. ॲडमीटस नावाच्या राजावर अपोलो देवाची कृपा होती. त्या देवाने राजासाठी असा वर मिळविला की, त्याच्याऐवजी दुसरे कोणी मरावयास सिद्ध झाले, तर राजाचा मृत्यू टळेल. राजाने सर्वांना विचारून पाहिले. वृद्ध पित्याने नकार दिला, मातेने नकार दिला. पत्नी अल्सेस्टिस मात्र सिद्ध झाली आणि मेली. पुढे तिच्या अंत्ययात्रेच्या वेळी राजा पित्याची निर्भर्त्सना करतो, तेव्हा पिता त्याला त्याचेच रूप दाखवितो. मुलाला जगणे गोड वाटते, तसेच ते बापालाही वाटते. पत्नीला मरणाच्या दारी धाडून जगणाऱ्याने दुसऱ्याला भित्रा म्हणू नये, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पत्नीला पोचवून रिकाम्या घरी परतल्यावर राजाला आपण काय मिळविले आणि काय गमावले ते उमगते. पुढे हेराक्लीस हा वीर मृत्यूशी झुंजून अल्सेस्टिसला परत आणतो, म्हणून नाटक सुखान्त होते. पण राजाच्या विचारण्याचा डाग त्या सुखाने पुसला जात नाही.

एकचक्रेतील ब्राह्मण आणि हा राजा यांना शेजारी उभे करून पाहावे. दोघांच्याही पत्नी मरावयास सिद्ध आहेत. एकाने विचारले, दुसऱ्याने विचारले नाही. अल्सेस्टिसचा त्याग उणा नाही. तो एकचक्रेच्या गृहिणीइतकाच थोर आहे. उणे आहे ते मागणाऱ्याच्या ठिकाणी. आदिपर्वातच याच्या नेमकी उलट अशी रुरूची कथा आहे. प्रमद्वरा ही त्याची वाग्दत्त वधू विवाहापूर्वी सर्पदंशाने मृत झाली. कोणी आपले आयुष्य दिले तर ती उठेल, असे देवदूताने सांगताच रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन टाकले. तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही.

आजची पाळी

या कथा जुन्या असल्या तरी त्यांतील प्रसंग जुना झालेला नाही. एकचक्रेच्या ब्राह्मणाच्या तोंडी एक वाक्य असे आहे की, मनुष्य विकत घेऊन पाठविण्याइतके धन आपल्यापाशी नाही. म्हणजे ज्याच्यापाशी धन असे तो आपल्या पाळीला दुसऱ्याचे शरीर विकत घेऊन धाडीत असला पाहिजे, असे त्यावरून अनुमान होते. या वाक्याचा अर्थ समजण्यास आज फार दूर जावे लागत नाही. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे रोपण करून मरणोन्मुख रोग्याला जगविण्याची विद्या वैद्यकाने साध्य केली, आणि तिच्यापाठोपाठ दरिद्री मनुष्याच्या देहाचा बाजार उभा राहिला. तो रोखण्यासाठी भारतात 1994 मध्ये मानवी अवयवांच्या रोपणाचा कायदा झाला. त्याने अवयवांची खरेदी-विक्री हा दंडनीय अपराध ठरविला आणि जिवंतपणी अवयव देण्याची मुभा मुख्यतः जवळच्या नातलगांपुरती ठेवली. इतर कोणी स्नेहापोटी देऊ इच्छीत असल्यास त्यासाठी नेमलेल्या समितीची अनुमती लागते.

कायद्याने बाजार रोखावा हे योग्यच झाले. पण घराच्या आत काय होते, हे कायद्याला पूर्णपणे पाहता येत नाही. या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. यांतील कित्येक माता आणि पत्नी एकचक्रेच्या गृहिणीप्रमाणे अंतःकरणापासून सिद्ध झालेल्या असतील. त्यांचा त्याग वंदनीय आहे. परंतु कित्येकींना तोंडाने कोणी विचारलेले नसते, आणि तरीही घरातील सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळलेल्या असतात. मिळवता पुरुष वाचला पाहिजे, मुलांचे पुढे काय होणार, हे हिशेब खोटे नसतात. एकचक्रेच्या गृहिणीनेही तेच केले होते. फरक एवढाच की, तेथे ते तिने केले. येथे ते तिच्यासाठी इतरांनी करून ठेवलेले असतात, आणि तिच्या वाट्याला केवळ होकार उरतो. हिशेब करणे हा दोष नव्हे. तो कोणी करावा यात दोष शिरतो. ज्याला जगावयाचे आहे, त्याने अशा घरात अगोदर स्वतः नाही म्हणावे आणि देणारीला नाही म्हणण्याची वाट मोकळी करून द्यावी. त्यानंतरही तिने दिले तर ते दान होय. एकचक्रेच्या ब्राह्मणाने कुंतीला आधी नकार दिला, त्याचे मर्म हेच आहे.

आणखी एक गोष्ट त्या कथेत आहे. ती पाळी मुळात आली कोठून? ब्राह्मण सांगतो की, त्या प्रदेशाचा राजा दुर्बल होता आणि तो प्रजेचे रक्षण करीत नव्हता. रक्षण करणारा स्वस्थ बसला, म्हणून एका गरीब घराला पिता, माता, कन्या आणि पुत्र यांतून एक निवडण्याची वेळ आली. अशा घरावर प्राणसंकट येते, तेव्हा त्या घरातील माणसांचा धर्म तेवढा तपासावा आणि राजाचा तपासू नये, हे न्यायाचे नव्हे.

जे बोलू शकत नाहीत

राहिला शेवटचा आणि सर्वांत कठीण भाग. देणारा आपण होऊन देत असेल, तर त्याच्या मुखातून त्याची इच्छा कळते. परंतु ज्याला मोल द्यावे लागणार आहे तो बोलूच शकत नसेल तर? वनपर्वात सरोवराच्या काठी युधिष्ठिरापुढे हाच प्रश्न आला. चारही बंधू मृत पडले होते. यक्षाच्या प्रश्नांची उत्तरे दिल्यावर त्याला एका बंधूचे प्राण मागण्याची मुभा मिळाली. राज्य परत मिळवावयाचे तर भीम हवा किंवा अर्जुन हवा. त्याने नकुलाला मागितले. कुंतीचा एक पुत्र आपण स्वतः जिवंत आहोत, तसा माद्रीचाही एक जिवंत असावा, हे त्याने कारण दिले. माद्री केव्हाच मरून गेली होती. तिच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नव्हते. भीमाला मागितले असते तर जगात कोणीही युधिष्ठिराला दोष दिला नसता, आणि त्या निवडीचे मोल एका मृत स्त्रीच्या वंशाने निमूटपणे दिले असते. जिला आपली बाजू मांडता येत नव्हती, तिची बाजू त्याने प्रथम मांडली.

महाप्रस्थानाच्या वेळी द्रौपदी आणि चारही बंधू वाटेत पडले. युधिष्ठिरासोबत एक कुत्रा तेवढा उरला. इंद्र रथ घेऊन आला. स्वर्गात कुत्र्याला स्थान नाही, त्याला सोड, असे म्हणाला. युधिष्ठिर सोडीना. तेव्हा इंद्राने कोंडीत पकडणारा प्रश्न केला: पत्नी आणि बंधू यांना मागे टाकलेस, मग या कुत्र्याला टाकण्यात अडचण कोणती? युधिष्ठिराचे उत्तर फार स्वच्छ आहे. ते मेलेले होते, त्यांना उठविणे आपल्या हाती नव्हते. जिवंत असताना आपण त्यांना टाकले नाही. हा जिवंत आहे आणि आपल्या आश्रयाला आहे. त्याला टाकून मिळणारा स्वर्ग आपल्याला नको.

त्या कुत्र्याने काही मागितले नव्हते आणि त्याला मागताही आले नसते. तो केवळ हस्तिनापुरापासून मागे मागे चालत आला होता. पुढे त्या रूपात साक्षात धर्मच होता हे उघड झाले, आणि धर्माने त्या वेळी युधिष्ठिराला द्वैतवनातील जुन्या परीक्षेची, माद्रीच्या पुत्रासाठी केलेल्या मागणीची, आठवण करून दिली. म्हणजे या दोन प्रसंगांचा संबंध वाचकाने कल्पनेने जोडावयाचा नाही. तो ग्रंथानेच जोडलेला आहे. युधिष्ठिराला मात्र कुत्रा हा कुत्राच दिसत होता, आणि त्याने नकार दिला तो त्या कुत्र्यासाठी.